जुन्या स्कॅनची सीडी

२७ ऑक्टोबर, सोमवार

उघडत नाही! मेलं काहीच उघडत नाही.

आधी सीडी घालायला जागाच सापडेना. लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवला, उलटा करून पाहिला. खाचच नाही! नव्या लॅपटॉपना सीडीचं तोंड नसतं म्हणे. घेताना दुकानदाराने बॅग फुकट, माऊस फुकट, सगळं सांगितलं, एवढंच सांगितलं नाही.

नीट लिहिते. डोकं ठिकाणावर नाही म्हणून तर लिहायला बसले.

आज डॉक्टरीणबाईंनी नवा स्कॅन दिव्यावर लावून दाखवला. खोकला जात नाही म्हणून काढला होता. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, एक गाठ. मुगाच्या दाण्याएवढी. मी विचारलं, कॅन्सर आहे का? त्या म्हणाल्या, "आत्ता सांगता येणार नाही. याआधी छातीचा स्कॅन कधी काढला होता?"

काढला होता. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये. तेव्हा कोणी नव्हता काढला?

"मग तो शोधा. तेव्हाही ती गाठ तिथेच असेल, एवढीच असेल, तर इतकी वर्षं गप्प बसलेली गाठ आहे. तिला आपण हात लावायचा नाही. तेव्हा नसेल, तर नवीन आहे. मग सुई घालून तुकडा काढावा लागेल."

मी म्हटलं, तेव्हाच्या रिपोर्टात गाठीबिठीचं काही नव्हतं. तर हसल्या. "त्या दिवसांत मूग कोण निवडत बसलं होतं? रिपोर्ट नको मला. चित्रं आणा." अकरा तारखेला बोलावलंय.

म्हणजे हिशेब सरळ आहे. गाठ जुनी असेल तर मी सुटले. आणि ते सगळं या एका सीडीत आहे, आणि सीडी घालायला भोक नाही.

आई असती तर म्हणाली असती, "आधी दोन घास खा, मग रड." खाल्लं नाही. रडलेही नाही.

२८ ऑक्टोबर

ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कोणाला? शिवडीच्या गोदामाच्या ऑफिसात आम्ही चार टाळकी. त्यातले दोघं दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडतात, तिसरा साहेब.

त्या भांडणाऱ्या दोघांतल्या गंगाधरकडे बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आहे असं कळलं. मागितला. "कसली सीडी मॅडम?" भाच्याच्या लग्नाची, म्हटलं. मला भाऊ नाही, बहीण नाही. भाचा कुठून आणला देव जाणे! "अरे वा, पार्टी पाहिजे," म्हणाला. उद्या आणतो म्हणतो.

२९ ऑक्टोबर

गंगाधर विसरला. हसत हसत विसरला! थोबाडीत द्यावीशी वाटली.

३० ऑक्टोबर

आणला. केबल जोडली, सीडी घातली. घरघर घरघर करत बसली. बऱ्याच वेळाने एक पिवळं फोल्डर दिसलं. माझं नाव, वय, तारीख. केवढा आनंद झाला! उघडलं तर आत आणखी फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, आणि शेवटी फाइलींची ही भली मोठी रांग. नावं नाहीत, नुसते आकडे. एकीवर टिचकी मारली. कॉम्प्युटर मलाच विचारतो— ही कशाने उघडू?

अरे मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का!

वर्डने उघडून पाहिली. चौकोन, प्रश्नचिन्हं, मुंग्या सांडल्यासारखी अक्षरं. मग मला शहाणपण सुचलं. नावाच्या शेवटी जेपीजी लावलं, की झाला फोटो! लॅपटॉपवर कॉपी करून नाव बदललं. "हा फोटो उघडता येत नाही." नुसतं नाव बदलून काही होत नाही म्हणायचं. सीडीतच एक बघायचा प्रोग्राम आहे, तोही चालवून पाहिला. "हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही." सगळे कसे नम्रपणे नाही म्हणतात!

दार लावून बसले होते. बाहेरून शेजारच्या कौसल्याकाकूंचा आवाज आला, "जेवलंस काय गो मिना?" हो, म्हटलं आतूनच. जेवले नव्हते. काकू थोडा वेळ थांबल्या असाव्यात. त्यांच्या चपला लगेच वाजल्या नाहीत.

आई गेल्यापासून मी दार लावून घेते. चाळीत दिवसा दार लावणं म्हणजे लोकांच्या तोंडावर मारल्यासारखं, मला माहीत आहे. पण उघडं ठेवलं की येणारा-जाणारा आईच्या रिकाम्या खाटेकडे बघतो आणि मान हलवतो. ती मान मला सहन होत नाही.

३१ ऑक्टोबर

आज एक गोष्ट जमली. यूट्यूबवर एक पोरगा सांगत होता— दवाखान्याच्या चित्रांना वेगळा व्ह्यूअर लागतो, फुकट मिळतो, हा घ्या. डाउनलोड केला. आधी नवा स्कॅन, त्याचीही सीडी मिळाली होती, घालून पाहिला. उघडला! एका झटक्यात! माझी छाती, चकत्या चकत्या केलेली. माऊसचं चाक फिरवलं की गळ्यापासून खाली खाली उतरत जातं.

आणि दिसली. शोधावी लागली नाही. एक शीर वर जाते, तिला दोन फाटे फुटतात, त्यातल्या बाहेरच्या फाट्याच्या टोकाशी पांढरा दाणा. मी स्क्रीनवर बोट ठेवलं. मग झटकन काढून घेतलं.

आता जुनी. घातली. घरघर. त्याच व्ह्यूअरने फोल्डर घेतलं, हिरवी पट्टी सरकायला लागली. सरकली, सरकली— थांबली. "डेटा एरर." पुन्हा. "डेटा एरर." पुसून घातली, श्वासाची वाफ मारून पुसली, उलट्या बाजूने घालायचाही मूर्खपणा करून झाला. तेच.

मग खिडकीपाशी नेऊन धरली. मधल्या भोकाभोवती, छापील बाजूला, तांबूस-पिवळं काहीतरी. नख लावलं तर चंदेरी पापुद्राच निघून आला. त्यातून आरपार बाहेरची वायर दिसली.

हळद-कुंकू!

आईने! दर दसऱ्याला आई यंत्रांची पूजा करायची. शिलाई मशीन, मिक्सर, माझा जुना कॉम्प्युटर, बाबांची मिलमधली कात्री. आणि "कॉम्प्युटरच्या ह्या चकत्या पण ठेव गो, त्येंका कित्याक सोडूचा?" मीच काढून दिल्या होत्या. पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू, बोटाने टिळा, वर अक्षता, वर झेंडू. एकदा नाही, दर वर्षी. भोकाच्या कडेलाच लावायची, कलशाला लावतात तशी.

इतका राग आला! ओरडलेसुद्धा. "आई, काय करून ठेवलंस गं हे!" खोलीत ओरडले. भांडायला तरी माणूस पाहिजे ना. आज पहिल्यांदा नीट रडले.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी स्कॅन काढलेल्या सेंटरवर गेले. सेंटर नाही! तिथे आता केकचं दुकान. काचेत गुलाबी केक, त्यावर साखरेचा ससा. आतल्या मुलीला विचारलं, इथे स्कॅन सेंटर होतं ते कुठे गेलं? ती म्हणाली, "आंटी, हम तो नये हैं."

तिथून दादर. बाजारापलीकडच्या गल्लीत संघर्षचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माझा जुना डबडा तोच सांभाळायचा. नायगावच्या चाळीत वाढलेला, चाळिशीचा, तोंडाने फटाक्याची माळ. सीडी उजेडात धरली आणि ओरडला, "मॅडम! हिची सत्यनारायणाची पूजा घातली काय?"

दसऱ्याची, आईने, म्हटलं.

"तरीच! आमच्याकडे मशीनला टिळा नाय लावत. म्हणून आमच्या सीड्या चालतात."

"तुझ्या चालतात तर दुकानात ढीग कसला पडलाय रे बंद पडलेल्यांचा?"

"ते सगळे पूजावाल्या कस्टमरचे!" हसला. मीही हसले. किती दिवसांनी माझं हसणं माझ्या कानावर पडलं.

मग त्याने समजावलं. सीडीत माल आतून बाहेर भरत जातो. सुरुवात मधल्या भोकापासून. आणि खरा चंदेरी थर आपल्याला वाटतं तसा खालच्या चकचकीत बाजूला नसतो, वर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. "म्हणजे आईंनी बोट नेमकं मर्मावर ठेवलं. अर्धा इंच बाहेर लावला असता तर वाचला असता माल." माझ्याकडे बघून त्याने सीडी हळूच खाली ठेवली. "काय आहे ह्यात?"

माझा स्कॅन, म्हटलं. जुना.

"अर्जंट?"

हो.

त्याने लगेच हातातलं काम बाजूला सारलं. दुपारपर्यंत तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. एकात नुसती फिरत राहिली, एकाने बाहेरच फेकली, तिसऱ्यात फाइलींची यादी दिसली आणि पुन्हा गेली. "ठेवून जा मॅडम. हळूहळू वाचायला लावतो. म्हाताऱ्या माणसाशी बोलतो तसं बोलावं लागतं हिच्याशी." वर म्हणाला, घरी जाऊन जेवा. माझ्या तोंडावर लिहिलंय की काय उपाशी म्हणून!

२ नोव्हेंबर, रविवार

काही नाही. दिवसभर फोनकडे बघत बसले.

रविवार फार मोठा असतो. आई असताना तिच्या औषधांत, तिच्या कटकटीत, मासे निवडण्यात संपायचा. आता सकाळी उठून कपडे धुतले, भाजी चिरली, केर काढला, आणि पाहते तो सगळा रविवार तसाच शिल्लक. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत वाचली. गॅसवाला. बँकेचा माणूस. आईचा डॉक्टर. "मला भीती वाटते" असं कोणाला सांगावं, तर त्यात तसं एकही नाव नाही.

संघर्षला फोन करावासा वाटला. कामाचं निमित्त होतं. पण रविवारी त्याची बायकामुलं घरात असतील. नाही केला.

३ नोव्हेंबर

संध्याकाळी संघर्षचा फोन! "मॅडम, निघालं! अर्धं निघालं!" पिशवी खांद्याला लावून तशीच दादरला धावले.

त्याच्या मोठ्या स्क्रीनवर माझी जुनी छाती. मी खुर्चीच्या कडेवर. तो चाक फिरवत होता, मी म्हणत होते, वर ने, अजून वर ने, अजून. कोविडचे ते ढगाळ पट्टे दिसले. हृदय दिसलं. आता श्वासनळीचे फाटे येणार, त्यांच्या वर माझी जागा— आणि स्क्रीन काळा! वरच्या चकत्या नाहीतच. स्कॅन गळ्याकडून खाली काढतात, म्हणून पहिल्या फाइली गळ्याकडच्या. पहिल्या फाइली म्हणजे सीडीचा आतला भाग. आतला भाग म्हणजे आईचं बोट.

"अजून ट्राय मारतो," म्हणाला. पण मान खाली. मग मी त्याला सांगितलं. का हवंय ते, सगळं. कोणालातरी सांगितलं! तेही कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला, वायरींच्या ढिगाऱ्यात बसून. त्याने ऐकून घेतलं. "होईल चांगलं" वगैरे काही बोलला नाही, ते बरं केलं.

मग म्हणाला, "मॅडम, फिल्म पण दिली असेल ना तेव्हा? मोठी काळी, पाकिटातून? त्यावर पण असतात चित्रं."

फिल्म.

घरी येईपर्यंत मला आठवलं की फिल्मचं काय झालं. कपाळावर हातच मारला!

४ नोव्हेंबर

२०२२ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण. संध्याकाळी, मावळता मावळता. चाळीत पोरांचा एकच कल्ला— एक्सरे आहे का कोणाकडे, एक्सरे! काळ्या फिल्ममधून सूर्य बघायचा. डोळ्यांना चांगलं नाही म्हणतात, पण ऐकतो कोण?

माझ्याकडे होत्या ना! दोन मोठ्या, काळ्याकुळकुळीत, नव्यासारख्या. कोविड सरला, आता काय करायच्यात? मीच बाबांची कात्री काढली आणि गच्चीवर बसून कापल्या. एका घराला एक तुकडा. रांग लावली होती माझ्यासमोर! "मिनाताई, आमका मोठो देवा!" "मिनाताई, आमच्याकडे पाहुणे आहेत, दोन द्या!" आणि मग सगळी चाळ माझ्या छातीतून सूर्याकडे बघत उभी राहिली. कौसल्याकाकू म्हणाल्या, "मिनाच्या काळजातसून देव दिसलो गो!" केवढे हसलो होतो.

आई खालीच होती. ग्रहणात बाहेर यायचं नाही, पाणी प्यायचं नाही, भांड्यांवर तुळशीपत्रं ठेवून जपमाळ घेऊन बसलेली. मी खाली गेले तर डोळे न उघडता विचारते, "दिसलो काय गे?" 

इतकी माणसं माझ्या भोवती त्याआधी कधी नव्हती, त्यानंतरही नाहीत. आई बारा दिवस पडून होती तेव्हा आली होती, पण ती आईसाठी.

तर माझं फुप्फुस घराघरांत वाटून झालंय. ते परत आणायचं तर दारं ठोठावावी लागतील. वर्षभर स्वतःचं दार लावून बसलेल्या बाईने! काय तोंडाने विचारू? "ग्रहणाचा तुकडा आहे का हो?" वेडी म्हणतील. म्हणोत.

५ नोव्हेंबर

आज गॅलरीत तुळशीचं लग्न होतं. दरवर्षी मी आतून अक्षता टाकते, यंदा बाहेर गेले. ऊस, चिंचा, आवळे, कोणाच्या तरी मोबाइलवर मंगलाष्टकं. मला बघून बायका सरकल्या, जागा दिली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मंगलाष्टकं संपल्यावर घसा खाकरून बोलले. ग्रहणाच्या वेळी मी एक्सरेचे तुकडे दिले होते ते कोणाकडे असतील तर मला परत हवेत.

"कशाला गं?" सुचित्राने विचारलं. ती शेवटच्या खोलीत राहते, शाळेत शिकवते, तिला सगळं कारणासकट लागतं.

ऑफिसात मेडिकल मागतायत, म्हटलं. जुने कागद.

"तुकड्यांत मागतायत?"

सगळे फिसकन हसले. मीही हसले, दुसरं काय करणार! पण काकू हसल्या नाहीत. माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "ऑफिसवाल्यांका काय व्हया ता त्यांका म्हायत. बघा गो घराघरात. माळ्यार बघा."

६ नोव्हेंबर

दारावर टकटक! सकाळी सात वाजता सुचित्रा, हातात तुकडा. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात पुठ्ठ्यासारखा वापरला होता. संध्याकाळी घरी येते तर उंबऱ्यावर दोन, कोणीतरी दाराच्या फटीतून आत सारलेले. धनेशने त्याचा तुकडा मुलाच्या विज्ञानाच्या प्रकल्पात चिकटवला होता, तो पुठ्ठ्यासकट आणून दिला. "चिकटपट्टी हळू काढा हां, वरचा सूर्य त्याने रंगवलाय." चाळीतली अक्षता लग्न होऊन बोईसरला गेली, तिने फोटो पाठवला, "मिनाताई हा चालेल का? माझ्या गीताईत खुणेला होता." लेक माहेरचं काय काय सांभाळते!

लॅपटॉपवर कोरं पान उघडलं, प्रकाश पूर्ण वाढवला. एक फाइल उघडेना त्याला, पण दिवा झकास झाला! त्यावर तुकडे मांडले. यकृत. खालची फुप्फुसं. कोविडचे ढग. हृदय दोन तुकड्यांत अर्धं अर्धं. कापताना मी कसलाही विचार केला नव्हता, त्यामुळे कडा जुळता जुळेनात.

वरची रांग नाही.

दार आज उघडंच राहिलं. तुकडे येत होते म्हणून. धनेशची बायको आत आली, खाटेवर बसली, मान हलवली नाही. "फार मोकळं वाटतं गं तुझ्या खोलीत," म्हणाली. तिच्यासारख्या सहा जणांत राहणारीला वाटणारच. मी चहा टाकला.

७ नोव्हेंबर

आणखी दोन तुकडे आले. पोट आणि पोट.

संघर्षने फोन केला. वरच्या फाइली वाचायचा अजून एक प्रयत्न फसला म्हणे. मी त्याला तुकड्यांचं सांगितलं. आधी विश्वासच बसेना, मग इतका हसला की खोकायला लागला. "मॅडम, तुमच्याकडे एक सीडी पूजेत गेली आणि फिल्म ग्रहणात गेली. दवाखान्याने तुम्हाला दगडावर कोरून द्यायला पाहिजे होतं." त्याला म्हटलं, दगडाला तर आम्ही शेंदूर फासला असता. बराच वेळ बोललो. कामाचं काही नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

शोध थंडावला. काही बिऱ्हाडं गेली. दगडूमामा गावी, त्यांची खोली बंद. कोणाकडे रद्दीत गेला, कोणाकडे उंदराने खाल्ला. काकू म्हणतात, "माझो खंय ठेवलंय आठवत नाय गो. घरातच आसा. खय जातलो?" त्यांनी दोन दिवस ट्रंका उपसल्या. गुडघे धरून माळ्यावर चढायला निघाल्या होत्या, मी ओरडले त्यांच्यावर.

दुपारी सुचित्राने तिखट सांजा आणून दिला. खाल्ला सगळा. 

रात्र पडायला लागली की मात्र तेच सुरू होतं. परवा काय? तुकडे नाहीत, फाइल नाही, मग सुई. मी स्वतःला सांगते, जुनीच असणार. एवढ्या वर्षांत मला काही झालंय का? वजन आहे, भूक आहे, जिभेला धार आहे. जुनीच आहे. मला नुसतं ते बघायचंय. एकदा दिसू दे तो दाणा त्या जुन्या फिल्ममध्ये. आयुष्यात कशाचीच इतकी वाट पाहिली नाही, आणि वाट बघतेय ती कशाची, तर गाठीची!

१० नोव्हेंबर

मिळाला.

काकूंकडे चहा घेत होते. वर पाहिलं तर त्यांच्या मोरीवरच्या झडपेला, फुटलेल्या काचेच्या जागी, काळा चौकोन. वर्षानुवर्षं तिथेच, फोडणीच्या तेलाने चिकट झालेला. मी स्टुलावर चढून काढला, साबणाने धुतला. वरची रांग! माझ्या खोलीत आणून लॅपटॉपच्या उजेडावर ठेवला.

तीच शीर. तेच दोन फाटे. बाहेरच्या फाट्याचं टोक. तिथे काही नाही. पुन्हा पुसला, भिंग लावलं. अगदी कोरं.

काकू मागून डोकावत होत्या. "काय एक नाय हा गो! साफ आसा! देवान आयकलान!" धावत जाऊन साखर घेऊन आल्या, माझ्या तोंडात कोंबली. मी गिळली. मग त्यांना सांगितलं. साफ आहे म्हणजे काय ते, पहिल्यापासून, सगळं.

काकू आईच्या खाटेवर बसल्या. माझा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "मगे उद्या किती वाजता निघूचा?"